कल्हई उडालेले पातेले

ताप्ती व्हॅली रेल्वे विसाव्या शतकाच्या आरंभी सुरतेहून निघून पूर्वेस खानदेशात शिरली, आणि तेव्हापासून नंदुरबार, अमळनेर, जळगाव या मुलखातील माणूस पोटापाण्यासाठी सुरतेकडे जो येऊ लागला तो आजतागायत येतच आहे. गिरण्या, यंत्रमाग आणि छपाई-रंगाईचे कारखाने जसजसे वाढत गेले तसतशी उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत मराठी बोलणाऱ्यांची दाट वस्ती झाली. आणि या कुटुंबांनी आपल्याबरोबर जे किडूकमिडूक आणले त्यात लेकीसुनांना लग्नात मिळालेली तांब्यापितळेची भांडी हटकून असत. हंडा, घागर, परात, पातेली, गडवे, तांबे, आणि त्यांवर मालकिणीचे किंवा तिच्या माहेरच्या माणसाचे टिंबाटिंबांनी कोरलेले नाव, अशी ही भांडी म्हणजे गरीब घरातील बहुधा एकमेव जंगम मालमत्ता असे. अडीअडचणीस ती सावकाराकडे गहाण पडत आणि सुगी झाली की सोडवून आणली जात. शेजारच्या गुजराती घरीही फळीवर ओळीने मांडलेल्या पितळेवरून घराची पत जोखली जाई. हा आदर वाजवीच होता, कारण मातीचे भांडे फुटते, लोखंडाचे गंजते आणि पितळेचे तीन पिढ्या चालते. अशा या आदरणीय धातूच्या पातेल्याने, आणि तेही दुधाच्या पातेल्याने, या देशातील असंख्य तान्ह्या मुलांच्या यकृताचा घात केला आणि पिढ्यान् पिढ्या तो कोणाच्याही ध्यानात आला नाही, हा इतिहास मराठी वाचकाला असावा तितका ठाऊक नाही. वास्तविक त्याचा उलगडा होण्यात सर्वांत मोठा वाटा ज्या संस्थेचा, ती पुण्याच्या रास्ता पेठेतील केईएम रुग्णालय ही आहे.

या रोगाची पहिली ठळक नोंद १८८७ सालची. त्या वर्षी कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी इंडियन मेडिकल गॅझेट या नियतकालिकात लहान मुलांच्या यकृतविकाराचे वर्णन छापले, आणि चारच वर्षांनी, १८९१ साली, गिबन्स नावाच्या डॉक्टरने मृत मुलांच्या यकृतांची सूक्ष्मदर्शकाखाली केलेली तपासणी प्रसिद्ध केली. पुढे मद्रास, मुंबई, म्हैसूर, पुणे, दिल्ली, जिथे जिथे मुलांकडे लक्ष देणारा डॉक्टर होता तिथे तिथे हाच रोग त्याच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. सहा महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतचे, बहुधा दीड वर्षाच्या आसपासचे मूल. आतापर्यंत धडधाकट, बाळसेदार. एकाएकी किरकिरे होते, अंगात बारीक कसर राहते, खाण्यावरची वासना जाते आणि हातापायांच्या काड्या होत असताना पोट मात्र पुढे येऊ लागते. डॉक्टरने उजव्या बरगडीखाली बोटे टेकवली की यकृताची कड लाकडासारखी टणक आणि पानाच्या कडेसारखी पातळ, धारदार लागे; जुन्या वैद्यकीय लेखांतून या कडेचे वर्णन इतक्या वेळा आले आहे की ती कड हीच या रोगाची मोहोर ठरली होती. मग डोळे पिवळे होत, पोटात पाणी भरे, आणि काविळीनंतर थोड्याच महिन्यांत बहुतेक मुले जात. गावोगाव बायका एवढेच सांगत की पोराला 'लिव्हर झाले', आणि ते शब्द ऐकणाऱ्याला पुढचे विचारण्याची गरज उरत नसे.

या रोगाचे सर्वांत क्रूर अंग असे की तो एका मुलावर थांबत नसे. ज्या घरातून एक मूल गेले त्या घरातून दुसरे जाण्याचा संभव फार मोठा असे, आणि काही घरांत एकामागून एक तीन-तीन, चार-चार मुले त्याच वयात, त्याच रीतीने गेली. असे झाले की आईच्या दुधाला दोष देण्यात येई, सुनेच्या पायगुणाची चर्चा होई, अंगारेधुपारे आणि नवससायास सुरू होत. मद्रासच्या जम्मी घराण्याचे 'लिव्हर क्युअर' नावाचे औषध या भीतीच्या बळावरच घरोघर पोचले होते. औषधे देणाऱ्यांची नियत वाईट होती असे मी म्हणणार नाही. पण ज्या रोगाचे कारणच कोणास ठाऊक नव्हते त्यावरचा इलाज अंधारात मारलेला दगड होता.

कारणाचा शोध मात्र हिंदुस्थानातील डॉक्टरांनी सोडला नाही, ही गोष्ट त्यांच्या लौकिकाची आहे. राधाकृष्ण राव यांनी १९३०च्या दशकात या यकृतांचे सूक्ष्म वर्णन केले, वैद्यकीय संशोधन परिषदेने नेमलेल्या यकृतरोग समितीचा वृत्तान्त १९५५ साली प्रसिद्ध झाला, मद्रासला डॉ. अचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षांच्या रुग्णांचा ताळेबंद मांडला. आणि 'इंडियन चाइल्डहुड सिरॉसिस' हे नाव वैद्यकाच्या पुस्तकांतून रूढ झाले. नाव मिळाले तरी कारण मिळेना. कोणी कुपोषणावर बोट ठेवले, पण ही मुले भुकेकंगाल घरांतली नव्हती. कोणी विषाणू म्हटले, पण विषाणू सापडेना. म्हैसूरकडील संशोधकांनी बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पिठातील विषाकडे लक्ष वेधले, आणि त्या विषाने मुलांचे यकृत बिघडते हे खरेही ठरले, पण ज्या घरात शेंगदाण्याचे पीठ कधी आले नाही तिथेही हा रोग होताच. कुटुंबात तो ओळीने येतो म्हणून कोणी आनुवंशिकतेचा दाखला दिला. डॉक्टरांच्या दप्तरांत मात्र काही चमत्कारिक नोंदी साठत होत्या. रोग खेड्यापाड्यांत आणि लहान कसब्यांत अधिक; मध्यम स्थितीतल्या, शाकाहारी हिंदू घरांत अधिक; मुलींपेक्षा मुलग्यांत अधिक; मुसलमान व ख्रिस्ती कुटुंबांत विरळा. या नोंदी सर्वांनी वाचल्या होत्या, पण त्यांतून स्वयंपाकघराकडे जाणारी वाट कोणास दिसली नाही.

ती वाट दिसली लंडनमध्ये, एका रंगामुळे. ऊतींचे पातळ काप रंगविण्यासाठी वापरले जाणारे ऑर्सीन नावाचे द्रव्य या मुलांच्या यकृताच्या कापांवर घातले असता पेशीपेशींतून गडद तपकिरी कण उमटलेले दिसले, आणि असे कण जेथे उमटतात तेथे तांबे प्रथिनाला चिकटून साठलेले असते हे तज्ज्ञांना माहीत होते. किंग्ज कॉलेज हॉस्पिटलचे पोर्टमन, स्टुअर्ट टॅनर, मोवॅट व विल्यम्स यांनी ही गोष्ट १९७८ साली लॅन्सेटमध्ये जाहीर केली. पुढच्याच वर्षी लॅन्सेटच्या एकाच अंकात दोन लेख लागोपाठ आले. पहिल्यात टॅनर आणि त्यांचे सहकारी यांच्या बरोबरीने पुण्याच्या डॉ. आनंद पंडितांचे नाव होते, आणि त्याच यादीत मिल्स व ब्रेमनर हीही नावे होती, ज्यांची हयात स्कॉटलंडमध्ये गुराढोरांच्या शरीरातील धातूंचा अभ्यास करण्यात गेली होती. दुसरा लेख न्यूयॉर्कचे विख्यात यकृततज्ज्ञ हान्स पॉपर व स्टर्नलीब आणि दिल्लीचे डॉ. नायक यांचा होता. दोन्ही लेखांचे सांगणे एकच होते: या मुलांच्या यकृतात तांब्याचा भरमसाट साठा आहे. निरोगी माणसाच्या वाळविलेल्या यकृतात ग्रॅममागे पन्नास मायक्रोग्रॅमपर्यंत तांबे असते. या मुलांच्या यकृतात ते शेकड्यांनी आणि हजारांनी मोजावे लागले.

येथवरचा शोध प्रयोगशाळेतला. यापुढचा जो भाग आहे तो मला या सबंध इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यासाठी महागडी यंत्रे लागली नाहीत. आयांना प्रश्न विचारावे लागले आणि त्यांची उत्तरे आदराने ऐकून घ्यावी लागली. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. शीला भावे, डॉ. पंडित, डॉ. प्रधान आणि त्यांचे सहकारी यांच्याकडे पश्चिम महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून अशी मुले येत. मुलाला अंगावरचे दूध किती महिने पाजले, वरचे दूध केव्हा सुरू केले, ते गाईचे की म्हशीचे, पाणी किती घातले, कशात तापविले, तापवून कशात ठेवले, किती वेळ ठेवले आणि कशाने पाजले, ही सर्व कैफियत या डॉक्टरांनी बारकाईने घेतली. आणि मग त्याच वयाच्या, त्याच परिस्थितीतल्या निरोगी मुलांच्या आयांनाही तेच प्रश्न विचारले. १९८३ साली टॅनर, कांटारजियन, भावे व पंडित यांचा लेख लॅन्सेटमध्ये आला आणि १९८७ साली जोडीजोडीने केलेल्या तुलनेचा दुसरा लेख आला. रोगी मुलांच्या घरची गोष्ट बहुधा सारखीच निघाली. आईचे दूध पुरत नाही या समजुतीने किंवा हौसेने पहिल्या काही आठवड्यांतच वरचे दूध सुरू केलेले. ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापविलेले. आणि त्याच भांड्यात तासन् तास ठेवून थोडे थोडे पाजलेले.

हा प्रसंग डोळ्यांपुढे आणण्यास आपल्या पिढीला फारसे कष्ट पडणार नाहीत. पहाटे धार काढून आणलेले म्हशीचे दूध, तान्ह्याला जड होऊ नये म्हणून निम्मे पाणी घालून सारखे केलेले. चुलीच्या वैलावर मंद आचेवर ठेवलेले पितळेचे लहानसे पातेले, ज्यातले दूध दुपारपर्यंत कोमट राहावे म्हणून निखारे पुढे ओढलेले. आणि मूल रडले की त्या पातेल्यातून बोंडल्यात ओतून, मांडीवर आडवे घेऊन पाजणारी आई किंवा आजी. यात हयगय कोठेच नाही. उलट मुलासाठी वेगळे दूध, वेगळे भांडे आणि वेगळी निगराणी आहे. मुलग्यांत हा रोग अधिक का, याचा विचार करताना मला वाटते की ज्याचे कोडकौतुक अधिक त्याला वरचे दूध लवकर आणि भरपूर मिळाले असावे; आणि मध्यम स्थितीच्या घरांत तो अधिक का, याचे उत्तर तर उघडच आहे, की ज्या घरी दुभते नाही आणि पितळही नाही, त्या घरचे मूल आईच्याच अंगावर वाढे.

आता कोणी विचारील की पितळेत शिजविलेले अन्न आपण सर्वांनीच खाल्ले, मग मोठ्यांना काही झाले नाही ते कसे? याची उत्तरे दोन. पहिले मुलाच्या शरीरात आहे. गर्भावस्थेच्या अखेरच्या तीन महिन्यांत आईकडून बाळाच्या यकृतात तांब्याचा मोठा साठा जमा होतो, इतका की जन्मतःच त्याच्या यकृतातील तांब्याचे प्रमाण मोठ्या माणसाच्या कितीतरी पट असते. निसर्गाने ही बेगमी केली ती आईच्या दुधात तांबे थोडे असते म्हणून. शरीरातून तांबे बाहेर जाण्याचा राजमार्ग पित्ताचा, आणि तान्ह्या मुलाची पित्त वाहविण्याची शक्ती अजून अपुरी असते. म्हणजे कोठार आधीच भरलेले, बाहेरचा दरवाजा अर्धा मिटलेला, आणि अशा वेळी वरून रोज नवा माल येऊन पडत राहिला तर यकृताच्या पेशी त्याखाली मरतात. दुसरे उत्तर दुधात आहे. गाईम्हशीच्या दुधात मुळात तांबे फारच थोडे असते. पण त्यातील केसीन हे प्रथिन तांब्याला घट्ट धरून ठेवते, म्हणून पितळेत ठेवलेले दूध भांड्याच्या अंगातून तांबे ओढून घेत राहते. ओनील आणि टॅनर यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी ही गोष्ट स्पष्ट झाली.

आपल्या बायका पितळेचा स्वभाव जाणत नव्हत्या असे नव्हे. ताक, आमटी, चिंच घातलेले कालवण पितळेत कळकते हे प्रत्येकीस ठाऊक होते, आणि म्हणूनच कल्हईची चाल होती. कल्हईवाला आळीत आला की अंगणाच्या कोपऱ्यात हातभर खड्डा खणून कोळसा पेटवी, चामड्याच्या भात्याने तो फुलवी, आणि राखेने व वाळूने घासलेले भांडे चिमट्यात धरून त्यावर फिरवीत राही. भांडे पुरेसे तापले की आत नवसागराची चिमूट पडे, पांढरा झणझणीत धूर उठे, आणि त्याच क्षणी कथिलाची कांडी आतल्या अंगाला टेकविताच पाण्यासारखी वितळे. मग कापसाचा बोळा हातात घेऊन तो असा काही गरगर फिरवी की क्षणापूर्वी काळवंडलेले भांड्याचे पोट रुप्यासारखे लखलखू लागे. कथिलाचा तो पातळ थर हीच मुलाच्या यकृताची राखण होती. पण कल्हईला पैसे पडत, ती घासणीने झिजे, आणि हात आखडता आला की पहिली काट तिलाच बसे. शिवाय कल्हईची गरज आंबट पदार्थासाठी, अशी सर्वांची समजूत. दूध आंबट नाही, दुधाला कळक लागलेला जिभेस कळत नाही, म्हणून कल्हई उडालेले पातेले आणि कल्हई कधी न लागलेला तांब्या दुधासाठी निर्धास्तपणे वापरला गेला. मुसलमान घरांत तांब्याच्या भांड्यांना कल्हई लावण्याचा दंडक अधिक कडक होता, आणि त्या घरांतून हा रोग विरळा होता. जुन्या दप्तरांतील त्या चमत्कारिक नोंदीचा अर्थ निदान काही अंशी येथे लागतो.

कारणाचा छडा लागल्यावर उपाय दोन बाजूंनी सुरू झाला. इंग्लंडचे डॉ. वॉल्श यांनी १९५६ साली तांबे साठण्याच्या दुसऱ्या एका, आनुवंशिक रोगासाठी पेनिसिलामाईन हे औषध आणले होते. ते शरीरातील तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर नेते. पुण्यात या मुलांवर त्याच्या रीतसर चाचण्या झाल्या आणि १९८७ साली त्यांचा वृत्तान्त छापला गेला. कावीळ होण्यापूर्वी औषध सुरू झाले तर पुष्कळ मुले वाचत. कावीळ होऊन पोटात पाणी भरल्यावर फारसा गुण येत नसे. १९९६ साली डॉ. बावडेकर, भावे, प्रधान, पंडित व टॅनर यांनी वाचलेल्या मुलांचा अनेक वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला, आणि त्यात अशी गोष्ट नमूद झाली की जी पूर्वीच्या कोणत्याही डॉक्टरने खरी मानली नसती: दगडासारखी झालेली यकृते हळूहळू निवळत गेली आणि काहींच्या बाबतीत जवळजवळ नेहमीसारखी दिसू लागली. दुसरी बाजू प्रतिबंधाची. तान्ह्याचे दूध पितळेत तापवू नका, एवढा एक सल्ला गावोगाव देण्यात आला, आणि १९९२ साली पुण्याच्या व चंदीगडच्या डॉक्टरांनी टॅनर यांच्यासह लिहिलेल्या लेखात हा रोग टाळता येण्याजोगा आहे असा निर्वाळा दिला.

सल्ल्याला काळाचीही साथ मिळाली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. स्टेनलेस स्टीलचे भांडे स्वयंपाकघरात आले, जुने पितळ मोडीत घालून बायकांनी स्टीलचे डबे घेतले, कल्हईवाल्याची हाक आळीतून नाहीशी झाली. सुरत जिल्ह्यात १९५१ साली दूध उत्पादकांचा सहकारी संघ स्थापन झाला, ज्याला सारे सुमूल म्हणून ओळखतात, आणि कालांतराने सुरतकरांच्या दारात दूध पिशवीतून येऊ लागले; धार काढल्यापासून मुलाच्या तोंडात जाईपर्यंत दुधाचा पितळेशी जो जागोजागी संबंध येई तो असा तुटत गेला. एकेकाळी मुलांच्या इस्पितळांतून नित्य दिसणारा हा रोग विसाव्या शतकाच्या अखेरीस इतका दुर्मिळ झाला की आजच्या तरुण बालरोगतज्ज्ञांपैकी बहुतेकांनी तो पुस्तकातच पाहिला आहे.

तांबे हेच सर्वस्वी कारण आहे काय, याविषयी जाणत्या लोकांत मतभेद आहे. ज्या डॉ. नायक यांचे नाव १९७९च्या लेखावर होते त्यांनीच २०१३ साली मुंबईच्या डॉ. चितळे यांच्यासह लिहिताना, तांब्याचा साठा हा रोगाचे मूळ नसून परिणाम असावा, असे आग्रहाने मांडले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील तीन गावांच्या पाण्यात तांबे पुष्कळ असताना तेथील मुले यकृतरोगाने दगावल्याचे आढळले नाही, हेही १९९४ साली प्रसिद्ध झाले. उलट बाजूस ऑस्ट्रियातील टायरोल या डोंगराळ मुलखाचा पुरावा आहे. तेथे १९०० ते १९७४ या काळात १३८ अर्भके अगदी अशाच रोगाने गेली; तेथील शेतकरी घरांतही गाईचे दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात शिजवून मुलांना देण्याची चाल होती, आणि ती भांडी गेल्यावर रोगही गेला. १९९६ साली हा वृत्तान्त छापणाऱ्या डॉक्टरांनी म्हटले की काही कुटुंबांत आनुवंशिक दुबळेपणा असावा आणि तांब्याने त्यावर घाव घातला असावा. मला हेच मत सर्वांत सयुक्तिक वाटते. सर्वच मुलांना पितळेचे दूध बाधले नाही हे खरे. पण ज्यांना बाधले त्यांच्या घरी ते पातेले नसते तर ती वाचली असती, असे मानण्यास पुण्याच्या व टायरोलच्या अनुभवाने भरपूर आधार दिला आहे.

हा विषय जुन्या भांड्यांबरोबर मोडीत गेला असता तर मी इतक्या विस्ताराने लिहिले नसते. परंतु ज्या वर्षांत या देशातील डॉक्टर त्या धारदार कडेचे कारण शोधीत होते त्याच वर्षांत तान्ह्या मुलाला अन्न देण्याची एक सर्वस्वी नवी रीत जन्मास आली होती. फिलाडेल्फियात डड्रिक व विल्मोर यांनी प्रथम कुत्र्यांच्या पिलांना केवळ शिरेतून अन्न देऊन वाढविले, आणि १९६८ साली, आतडे जवळजवळ निकामी घेऊन जन्मलेल्या एका मुलीला त्याच रीतीने वाढविल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. साखर, प्रथिनांचे घटक, क्षार, जीवनसत्त्वे हे सर्व थेट रक्तात. त्याआधी काही वर्षे स्वीडनच्या व्रेटलिंड यांनी सोयाबीन तेलाचे शिरेतून देता येण्याजोगे पांढरे दूधच तयार करून ठेवले होते. या रीतीने आजवर असंख्य अपुऱ्या दिवसांची मुले जगली आहेत, आणि तिच्याविषयी कृतज्ञता बाळगूनच पुढचे लिहितो. तीनच वर्षांनी, १९७१ साली, पेडेन आणि सहकाऱ्यांनी अशा अन्नावर राहिलेल्या एका अर्भकाचे शवविच्छेदन वर्णिले. त्याचे यकृत पित्त तुंबून काठिण्यास पोचले होते.

शिरेतून अन्न देण्यात एक गोष्ट अशी आहे की जी पितळेच्या पातेल्यापेक्षाही अधिक निकराची आहे. तोंडाने घेतलेल्या अन्नातील नको ते पुष्कळसे आतडे अडविते; ॲल्युमिनियमसारखा धातू तर शंभरातला एक भागही आत घेत नाही. शिरेत गेलेले मात्र सर्वच्या सर्व रक्तात जाते. १९८३च्या अखेरीस अमेरिकेत ई-फेरॉल नावाचे शिरेतून देण्याचे ई-जीवनसत्त्व रीतसर मंजुरीवाचून बाजारात आले. त्यात तेल पाण्यात मिसळून राहावे म्हणून पॉलिसॉर्बेट ही द्रव्ये घातली होती. अपुऱ्या दिवसांच्या मुलांची यकृते सुजली, पोटात पाणी भरले, मूत्रपिंडे बंद पडली, आणि एप्रिल १९८४ मध्ये औषध मागे घेतले जाईपर्यंत ३८ अर्भके दगावल्याची नोंद झाली. जबाबदार अधिकाऱ्यांना पुढे शिक्षा झाल्या. सोयाबीन तेलाबरोबर जी वनस्पतीजन्य स्टेरॉल द्रव्ये येतात ती या मुलांच्या रक्तात साठतात आणि यकृताच्या विकाराशी त्यांचा संबंध दिसतो, हे लंडनच्या क्लेटन यांनी १९९३ साली दाखविले. बोस्टनच्या डॉक्टरांनी २००६ साली माशाच्या तेलाचे मिश्रण देऊन दोन अर्भकांची कावीळ उतरल्याचे कळविले, आणि २०१८ साली अमेरिकेने ते मिश्रण अशा मुलांसाठी मंजूर केले. आणि तांबे? ते या पोषणात थोडेसे मुद्दाम घालावेच लागते, पण पित्त तुंबलेल्या मुलाला ते देताना डॉक्टर हात आखडता घेतात, कारण बाहेर जाण्याचा त्याचा मार्ग अजूनही तोच, पित्ताचा आहे.

ॲल्युमिनियमची हकीकत तर पितळेच्या दुधाची सख्खी बहीण शोभावी अशी आहे. कॅल्शियम ग्लुकोनेट हा क्षार काचेच्या कुपीत भरून उष्णतेने निर्जंतुक केला की तो काचेतून ॲल्युमिनियम ओढून घेतो, जसे केसीन पितळेतून तांबे घेते. आणि तान्ह्याच्या शिरेत जाणाऱ्या ॲल्युमिनियमचा मोठा हिस्सा या एका कुपीतून येतो. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याने पित्ताचा ओघ मंदावला. माणसांत त्याचे अपाय मुख्यतः हाडांवर व मेंदूवर सिद्ध झाले आहेत. केंब्रिजच्या बिशप, लूकस आदींनी २२७ अपुऱ्या दिवसांच्या मुलांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध केला, तेव्हा ॲल्युमिनियम कमी असलेली द्रावणे मिळालेली मुले पुढे बौद्धिक वाढीत सरस आढळली. अमेरिकेने २००४पासून मोठ्या बाटल्यांतील द्रावणांत लिटरमागे २५ मायक्रोग्रॅमची कमाल मर्यादा घातली आणि लहान कुप्यांवर त्यांतील ॲल्युमिनियमचा आकडा छापण्याचा हुकूम काढला.

सुरतेत १९६४ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि आज या शहराच्या मोठ्या रुग्णालयांतील नवजात विभागांत दक्षिण गुजरातची व सीमेपलीकडील खानदेशची मुले उपचारासाठी येतात. किलो-दीड किलो वजनाच्या मुलाला तेथे शिरेतून अन्न मिळते आणि ते जगते. ज्या आईबापांचे मूल अशा विभागात आहे त्यांनी त्या नळीला भिऊ नये. पण डॉक्टरांना तीन गोष्टी विचारण्याचा त्यांचा हक्क आहे: आईचे दूध थेंब-थेंब का होईना केव्हा सुरू करता येईल, यकृताची रक्ततपासणी किती दिवसांनी होते, आणि काचेच्या कुपीऐवजी प्लास्टिकच्या कुपीतील कॅल्शियम मिळण्याजोगे आहे काय. रुग्णालयांच्या खरेदी-विभागांनी द्रावणे घेताना किमतीबरोबर ॲल्युमिनियमचा आकडाही मागावा. मागणारा असला तर पुरविणारा छापतो. आणि घरच्यांसाठी एक विनंती. आरोग्याच्या नावाखाली तांब्यापितळेची भांडी आज पुन्हा बाजारात मानाने मांडली जात आहेत, आणि ती घेणाऱ्या तरुण सुनांपैकी फार थोड्यांच्या आज्यांनी त्यांना कल्हईचे कारण सांगितले असेल. मोठ्यांनी त्यातले पाणी खुशाल प्यावे. पण वर्षाच्या आतील मुलाचे दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या किंवा पितळेच्या भांड्यात तापवू नका, आणि तापविलेले त्यात ठेवू नका.